एकोणीसच्या पान्याचे सात नट

"तुमची केबिन मोताळ्याले पोचते, डाला मंग मांगून येते," असं माझी बायको म्हणाली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसलो, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ सोडून उठून उभी राहिली. पोटात भीती शिरली की मी आधी हसतो, मग एखादी थाप मारतो आणि मग, कोणी बघत नसेल तर, घाबरतो. त्या दिवशीही तेच केलं. म्हणालो, "अवो, ते गाडी साधी हाय का? खामगावच्या बाजारातून त्या गाडीत एकदा हत्ती आणला होता."

"हत्ती केबिनमध्ये बसला होता का डाल्यात?" बायको भाकरी थापतच होती. "डाल्यात बसला असन तर बरोबर हाय. तवाच मोडला असन."

ही आमची पिकअप पिंपळगाव राजाच्या एका भाजीवाल्याकडून घेतलेली. घेतली तेव्हाच तिचं वय असं, की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा तिला मागे टाकताना म्हाताऱ्या बाईला वाट द्यावी तसा अदबीनं बाजूला व्हायचा. पुढची केबिन शाबूत होती. मागचा डाला, म्हणजे माल भरायचा उघडा भाग, तो गाडीच्या सांगाड्यावर आठ बोल्टांनी बसवलेला. आठ होते म्हणतात. मी मोजले नव्हते. घेताना माणूस हॉर्न वाजवून बघतो, सीट दाबून बघतो, गाडीखाली कोण शिरतं.

सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, दिवसांत त्या डाल्यातून बायकोची टोळी जायची. अकरा बाया आणि बारावी ती. वावरं ती ठरवायची, बाया ती गोळा करायची, भांडणं ती मिटवायची. पण केबिनमध्ये कधी बसली नाही. "केबिनमध्ये बसलं की बाया मालकीण म्हणतात. आणि मालकिणीचं आयकते कोण?" म्हणून ती डाल्यातच, सगळ्यात पुढे, केबिनच्या पाठीला टेकून उभी राहायची. डाला मागून येतो हे तिला कळलं ते तिथं उभं राहूनच. केबिन आणि डाल्याच्या मध्ये चार बोटांची फट असते. आमच्या गाडीची फट कधी तीन बोटांची व्हायची, कधी पाच.

दुपारी गाडी रिकामी झाल्यावर मी गाडीखाली शिरलो. पाठीवर पडून वर पाहिलं. आठ जागांपैकी तीन जागा रिकाम्या होत्या, नुसती गंजाची भोकं. दोन बोल्ट मोडके, अर्धे आत, अर्धे कुठे ते त्यांनाच माहीत. एका जागी कोणीतरी बांधायची तार पिळून घातलेली. उरलेले दोन बोल्ट इतके झिजले होते, की पेन्सिल बरी. म्हणजे हंगाम लागल्यापासून मी अकरा बाया आणि एक बायको दोन पेन्सिलींवर फिरवत होतो. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा अंगाला घाम असा, की बायकोनं विचारलं, "विहिरीत पडले का?"

"ग्रीस हाय," मी म्हणालो.

आमचा नेहमीचा मिस्त्री लग्नाला जळगाव जामोदकडे गेला होता. तो आठवडाभर येणार नव्हता आणि वावरं थांबणार नव्हती. तेव्हा बोल्ट मीच आणतो, मीच लावतो असं जाहीर केलं. जाहीर म्हणजे, पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ज्याला कान होते त्या प्रत्येकाला सांगितलं.

मोताळ्यात त्या दिवशी बाजार होता. नट-बोल्टवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हा दुकानदार म्हातारा, बारीक, आवाज पंख्यासारखा कायम एका पट्टीत. सुटे बोल्ट पोत्यांत भरलेले, मुळ्या-गाजरासारखे तराजूत टाकून द्यायचा. मी मोडका तुकडा त्याच्यापुढे ठेवला. म्हणालो, "काका, एकोणीसचे आठ द्या. लांब."

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे बोल्टाला बोल्टाच्या मापानं कोणी ओळखत नाही. कोणता पाना लागतो, तेच त्याचं नाव. दहाचा, तेराचा, सतराचा, एकोणीसचा. घरजावयाला सगळं गाव सासऱ्याच्या नावानं ओळखतं, तसं. बोल्टाचं डोकं एकोणीसच्या पान्यात बसलं की तो एकोणीसचा, मग त्याचं अंग जाड असो की बारीक. सगळा जिल्हा असाच बोलतो आणि सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या चालतात.

"कोठी लावाचे हायेत?" दुकानदारानं विचारलं.

"पिकअपच्या डाल्याले."

"डाल्यात काय भरता?"

माणसं, असं तोंडात आलं होतं. मागं दहा माणसं उभी होती. "सोयाबीन," मी म्हणालो.

त्यानं तीन पोत्यांतून तीन बोल्ट काढून माझ्यापुढे ओळीनं उभे केले. पहिला पांढरा, चकचकीत. "हा दिसाले नवरदेव हाय. पण झटका बसला की वाकते. शटरले, पत्र्याले ठीक." दुसरा काळा, तेलकट, डोक्यावर आकडा ठोकलेला. "हे वाच. आठ पॉइंट आठ. हा ताण सोसते." तिसराही काळाच, आकडा त्याहून मोठा. मी झटकन तिसरा उचलला. मोठा आकडा सोडून लहान घेणारा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही.

त्यानं तो माझ्या हातातून काढून पोत्यात टाकला. "डाला हालते. त्याच्यासंगं थोडं लवाले पायजे. लई कडक असते ते लवत नाही, एकदम तुटते. आगोदर सांगत बी नाही." मग मोडक्या तुकड्यावर सुतळी लावून लांबी पाहिली, सांगाड्याची पट्टी किती, मधली लाकडाची फळी किती, हे विचारलं, आणि नटाच्या बाहेर बोल्टाचे दोन-तीन आटे दिसले पाहिजेत, असं सांगून आठ मोजून दिले. मी प्रत्येक बोल्ट उन्हात नेऊन त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचला, पोरीसाठी स्थळ पाहावं तसा, मागून पुढून.

"नट?" त्यानं विचारलं.

"नट घरी डबाभर हायेत."

"एकोणीसचेच ना?"

"एकोणीसचेच."

त्यानं मान हलवली. मागचा माणूस कोपरानं मला सारत होता. बाजाराच्या दिवशी याहून जास्त कोण विचारतं.

डबा होता तो वडलांच्या वेळचा. विहिरीवरचं डिझेल इंजिन भंगारात गेलं तेव्हा वडलांनी त्याचे नट काढून घेतले होते. पाना लावून पाहिला, एकोणीसचा चपखल बसला. पाना एक म्हणजे माप एक, त्यात शंका कसली. नट बोल्टावर असा गेला, की पाना लागलाच नाही, बोटानंच फिरत फिरत वर. मला वाटलं, काय जुन्या काळचा माल आहे, लोण्यासारखे आटे. शेवटाला पान्यानं आवळला. घट्ट झाला.

सगळे नाही झाले. ही गोष्ट मी त्या दिवशी कोणाला सांगितली नाही. दोन नट आवळता आवळता आतून खट् झालं आणि पाना एकदम हलका झाला. मी ते थोडे मागं फिरवले, पुन्हा हळूच पुढे आणले आणि जिथं जरा अडल्यासारखे वाटले तिथं सोडून दिले. पुन्हा छेडले नाहीत. गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला ते खट् ऐकू येतंच. मला आलं. मी स्वतःला म्हणालो, लाकडाची फळी बसली असेल.

डब्यात मापाचे नट सातच निघाले. आठवी जागा रिकामी राहिली.

संध्याकाळी पारावर मी सांगून टाकलं, की आता क्रेननं नुसता डाला धरून उचलला तर केबिन, इंजिन, चारी चाकं आणि आत बसलेला ड्रायव्हर सगळं सोबत वर येईल. दोघांनी मान्य केलं. तिसरा म्हणाला, "ड्रायव्हर येणार नाही. तो आगोदर उडी मारन." रात्री मला झोप लागली, पण तिच्यात ते खट् दोनदा आलं.

सकाळी घाटावरच्या वावराच्या मालकाचा फोन. ढग आलेत, शेंगा तडकून राहिल्यात, आज टोळी आली नाही तर दाणे मातीत जातात. मी म्हणालो, आठवा नट आणतो, मग निघू. माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ, सोंगणीपुरता आमच्याकडे गाडी चालवायला आला होता. तो आधीच सीटवर चढून बसला होता.

"सात काय अन् आठ काय, भाऊजी. बाजेचा एक पाय आखूड असला म्हणून माणूस झोपत नाही का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही पाहून लावले ना?"

"अवो, माह्या हातानं लावले."

तिनं पदर खोचला, विळा उचलला आणि डाल्यात चढली. तिच्या मागून बाया चढल्या. मी तिथंच उभा होतो. दोन नटांचं तेव्हा बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण काल पारावर क्रेन आणून उभी केली होती, ती आज कुठं नेऊन ठेवणार.

गाडी गेली. मी आठवा बोल्ट खिशात घालून मोटरसायकलनं मोताळ्याला निघालो. वाटेत ती मला दिसलीसुद्धा, लोहाराच्या भात्यापुढे, बाया विळे पाजवून घेत होत्या. मी हात केला आणि पुढे गेलो.

दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. दुकानदार उदबत्ती लावत होता. मी बोल्ट पुढे केला. "काका, याले एक नट द्या. घरचे सात पुरले, एक कमी पडला."

त्यानं एका डब्यातून नट काढून बोल्टावर चढवला आणि माझ्या हातात दिला. मी फिरवून पाहिला. नट सरळ जात होता, पण अंग धरून, जरासाही डुलत नव्हता. मी म्हणालो, "हा तर कसून चालते. माहे तर भवऱ्यासारखे फिरत गेले."

उदबत्तीचा हात तिथंच थांबला.

"कशाचे होते तुमचे नट?"

"जुन्या इंजिनाचे. एकोणीसचेच हायेत."

त्यानं उदबत्ती खोचली आणि एका जुन्या खोक्यातून एक गंजका नट काढला. माझ्या बोल्टावर घातला. तो फिरत फिरत वर गेला, लोण्यासारखा. मग त्यानं नट धरून इकडेतिकडे हलवला. बोल्ट आत खुळखुळला. मग त्यानं नट दोन बोटांत धरला आणि न फिरवता, नुसता ओढला. नट आट्यांवरून खरखरत, एकेक अडत, बाहेर आला.

"तो इंची माल हाय," तो त्याच पट्टीत म्हणाला. "अर्ध्या इंचाचा. तुमचा बोल्ट बारा मिलीमीटरचा. दोघाइचं डोकं एकोणीसच्याच पान्यात बसते. आतून फरक हाय नखाच्या जाडीचा. आवळला की आट्याच्या टोकाले टोक लागते, माणसाले वाटते बसला. गाडी हालली की सुटते."

मी तो गंजका नट घेऊन स्वतः एकदा ओढून पाहिला. तसाच निघाला. 

"बोल्ट वरून टाकले का खालून?"

"खालून. उताणा पडून तेच सोपं होतं."

खालून घातलेला बोल्ट नटानं लटकलेला असतो. नट गेला की बोल्ट रस्त्यावर.

"गाडी घरी हाय ना?" त्यानं विचारलं.

"घाटाले गेली."

"सोयाबीन घेऊन?"

"बाया," मी म्हणालो. "बारा बाया."

त्यानं कागदात नट टाकले, वायसर टाकले, वर न मागता दोन बोल्ट टाकले, आणि एकोणीसचे दोन पाने आपल्या पेटीतून काढून माझ्या हातात दिले. पैशाचं मी विचारायच्या आत हातानंच जा म्हणाला.

लोहाराच्या भात्यापुढे आता कोणी नव्हतं. साळ्याला फोन लावला. तो फोनवरच गाणी लावून गाडी चालवतो. फोन आला की गाणं तुटतं म्हणून तो फोन कापतो. त्यानं चार वेळा कापला. बायकोला लावला. तिचा फोन डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या खाली. वाजत राहिला. पाचव्यांदा लावला तेव्हा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर गेला होता. म्हणजे गाडी घाटात शिरली होती.

माझी मोटरसायकल उताराला चाळीसनं पळते आणि चढावर मलाच तिला धीर द्यावा लागतो. त्या दिवशी ती कशी पळाली ते मला विचारू नका. एक कुत्रं माझ्या अंगावर भुंकायला निघालं, ते पोहोचलं तेव्हा मी पुढच्या गावात होतो. हे झालं हसण्यावारी. डोक्यात तो डाला दहा वेळा दरीत गेला. प्रत्येक वेळी वेगळ्या वळणावर गेला आणि प्रत्येक वेळी बायको सगळ्यात पुढे उभी होती. मी एकेक बाई आठवत होतो. एक नवी, या हंगामालाच आलेली, घरी तान्हं मूल सासूपाशी ठेवून येणारी. एक म्हातारी, जी चढताना दरवेळी डाल्याच्या पाया पडते. का पडते, हे मी तिला चिडवून विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बापू, नेणार तर तेच हाय ना."

घाटाच्या पायथ्याशी रस्त्याच्या मधोमध काहीतरी काळं दिसलं. मी ओळखलं होतं, तरी थांबलो. उचललं. नवाकोरा बोल्ट, अंगाचं तेलसुद्धा पुसलं गेलं नव्हतं, डोक्यावर आकडा. काल उन्हात नेऊन वाचलेला. त्याला आता नट नव्हता. मी तो खिशात टाकला आणि मोटरसायकल पुढे दामटली. पुढे दोन वळणांवर डांबराच्या कडेला आणखी एक चमकल्यासारखं वाटलं. तिथं थांबायची माझी हिंमत झाली नाही. मोजले असते तर गाडी चालवता आली नसती.

तिसऱ्या वळणानंतर गाडी दिसली. आधी गाणं ऐकू आलं. मग डाला, मग त्यात बाया, तोंडं मागं करून बसलेल्या. अकरा तोंडं माझ्याकडं पाहत होती आणि त्यांच्या वर बायकोचं, केबिनला टेकून. मी ओरडणार होतो. तेवढ्यात गाडी एका खड्ड्यातून गेली आणि मला दिसलं. चाकं खाली गेली, सांगाडा खाली गेला, आणि डाला अर्धा श्वास वरच राहिला. मग धप्प बसला. बाया हसल्या. त्यांना तो नेहमीचा खड्डा वाटला.

मी तोंड मिटलं. ओरडून काय सांगणार होतो? डाला निघून राहिला आहे? मग बाया उठणार, मागच्या फाळक्याकडे धावणार, सगळा भार एका टोकाला येणार, नाहीतर चालत्या गाडीतून उड्या पडणार. आणि साळा घाबरून ब्रेक मारणार. चढावर, वळणावर, त्या डाल्याखाली किती बोल्ट उरले ते मला माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर खऱ्यानंच मारलं असतं.

मी हॉर्न वाजवला. साळ्याला वाटलं मी शर्यत लावतोय. त्यानं गाडी दाबली.

"अवं, तुहा नवरा आला मांगं," एक बाई बायकोला म्हणाली.

"राहवलं नसन बिचाऱ्याले."

"डबा इसरली का व त्याचा?"

बायको हसत नव्हती. ती माझा चेहरा पाहत होती. मी तिला हसून दाखवलं, म्हैस उठेल असं हसायला गेलो आणि घशातून नुसती हवा आली.

वळण सरल्यावर मी जीव मुठीत धरून गाडीच्या बाजूला घुसलो आणि केबिनच्या खिडकीशी मोटरसायकल लावली. "हळू. पह्यल्या गिअरमध्ये टाक. ब्रेक दाबू नको. पुढे पोलीस हायेत, मांगं माणसं बसवलेल्या गाड्या धरून राह्यले. त्या कठड्यापाशी हळू उभी कर, बायाइले उतरव."

हे मला आधी सुचलं नव्हतं. तोंड आपोआप बोललं. इतकी वर्षं ज्या तोंडानं हत्ती आणि क्रेन आणल्या, त्यानं त्या दिवशी पोलीस आणले. साळ्यानं गाणं बंद केलं आणि गाडी कठड्यापाशी अशी अलगद उभी केली, की मागच्या बाईच्या मांडीवरचा विळासुद्धा हलला नाही. मी चाकांमागे दगड लावले.

"उतरा. घाट पायी चढा. वर गाडी मिळन."

बाया पुटपुटत उतरू लागल्या. एकेक उतरत होती, तसा डाला कण्हत होता. मी फाळक्याला खालून खांदा लावून उभा होतो. एक. दोन. नवी बाई उतरली, तीन. म्हातारी उतरताना डाल्याच्या पाया पडायला थांबली, मी तिला काखेत धरून खाली घेतलं. अकरा झाल्या.

बायको उतरली नाही.

"उतर वो," मी म्हणालो.

"मी नाही उतरत. मांगच्या साली बी पोलिसायनं असंच पायी चालवलं होतं बायाइले. येऊ द्या त्याइले. मी बोलतो त्याइच्यासंगं." ती पुढच्या टोकाला, फटीपाशी, पाय रोवून उभी होती. "आम्ही काय चोरी करून राह्यलो? वावरात जाऊन राह्यलो."

"आगोदर उतर. मंग बोल."

"काऊन?"

"मी म्हणतो म्हणून."

"तुम्ही तर लई म्हणता," ती म्हणाली. बाया हसल्या. खाली दरीत कुठंतरी मोर ओरडला. गाडीखाली काहीतरी टण् करून डांबरावर पडलं आणि गडगडत माझ्या पायापाशी आलं. मी वाकून उचललं. तिनं वरून पाहिलं.

"ते काय हाय?"

 साळा केबिनमधून उतरून आला होता. माझ्या हातात काळा बोल्ट. मी पोलिसांचं आणखी काहीतरी सांगू शकलो असतो. सुचतही होतं, एक नाही, तीन गोष्टी सुचत होत्या. पण त्या सगळ्यांत ती वरच राहत होती.

"बोल्ट हाय," मी म्हणालो. "डाल्याचा. पोलीस नाही कोठी. मी नट चुकीचे लावले. सगळेच. दोन तर कालच फिरले होते, मले मालूम होतं. कोणाले सांगितलं नाही. तू उतर."

 ती जिथं उभी होती तिथंच खाली बसली, मग बसल्या बसल्या, एकेक हात टेकत, पाय न आपटता, पूर्ण डाला ओलांडून फाळक्यापर्यंत आली. मी हात पुढे केला. तिनं भावाचा हात धरला आणि उतरली.

म्हातारी म्हणाली, "पोलीस नाही तर मंग पायी काऊन चालाचं?"  नवी बाई कठड्यावर बसली होती आणि तिनं पदर तोंडावर घेतला होता.

मी गाडीखाली शिरलो. सातांपैकी चार उरले होते. त्यांचे नट मी पान्यानं नाही, बोटानं काढले. रस्त्यावर सापडलेला एक, आत्ता पडलेला एक, आठवा एक आणि दुकानदारानं टाकलेले दोन धरून माझ्याकडं पाच होते. म्हणजे एक जास्तच. दुसरा पाना धरायला साळा वाकला, तर बायकोनं तो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या समोर, रस्त्यावर आडवी झाली. या वेळी बोल्ट डाल्याखालच्या पट्टीच्या वरून घातले. ती डोकं धरायची, मी नट फिरवायचो. प्रत्येक नटाला ती विचारायची, "डुलते का?"

"नाही."

"खट् झालं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही झालं."

आठव्या नटापर्यंत ती हे दोन्ही प्रश्न विचारत राहिली. माझ्या आयुष्यात इतक्या वेळा सलग खरं बोलायची ती पहिलीच वेळ.

बाहेर आलो तर बाया गाडीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या चढणार नव्हत्या आणि मी त्यांना म्हणणारही नव्हतो. पण वर माणूस वाट पाहत होता, ढग खाली आले होते, आणि घाट अर्धा बाकी होता. बायको त्यांना म्हणाली, "तुम्ही माह्या भावासंगं पायी या. मी डाल्यात बसतो. वरपावतो काही झालं नाही, तर चढा. झालं, तर परत फिरा."

"तू नको," मी म्हणालो. "मी रिकामी नेतो."

"रिकामी गाडी काय सांगन?" ती चढली सुद्धा. "भार पायजे. चालवा. दोन थापा मारल्या म्हणजे ठीक हाय. एक मारली म्हणजे थांबा."

मी केबिनमध्ये बसलो. त्या सीटवर मी हजार वेळा बसलो असेन, पण क्लच इतक्या घाईनं सोडला, की गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. पहिलं वळण. डोक्यावर टपावर तिच्या तळहाताच्या दोन थापा. दुसरं वळण, खड्डा, कान टपाला चिकटवल्यासारखा मी ऐकतोय. दोन थापा. समोरून ट्रक आला, त्याला बाजू देताना एक चाक कच्च्यात उतरलं. दोन थापा, जरा उशिरा. मी त्या उशिराचा अर्थ लावत तिसऱ्या वळणावर पोहोचलो. चौथ्यावर. पाचवं वळण सरलं, चढ संपला, समोर सपाट रस्ता आणि दोन्हीकडे पिवळी पडलेली सोयाबीन.

थाप आली नाही.

मी थोडं पुढं गेलो. आली नाही. दोन नाही, एकही नाही. आरशात पाहायची हिंमत नव्हती. मागं डाला आहे की नाही, हेसुद्धा पाहायची नव्हती. ब्रेकवर पाय इतका हळू टेकवला, की गाडी थांबली केव्हा ते मलाच कळलं नाही. दार उघडून उतरलो आणि केबिनला हात लावत लावत मागं आलो.

ती डाल्यात गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात पुढच्या पट्टीवरून खाली सोडलेले, आणि दोन्ही हातांची बोटं केबिन आणि डाल्याच्या मधल्या फटीत.

"तू ठोकलं काऊन नाही?"

"हात रिकामे नव्हते." तिनं मान वर केली नाही. "फट वाढून राह्यली का कमी होऊन राह्यली ते बोटाले समजते. शेवटच्या वळणापासून धरून हावो."

डाला नखभर जरी सरकला असता तर त्या आठ बोटांचं काय झालं असतं, हे तिला माहीत होतं.  मी विचारलं, "हालते का?"

"आतापावतो नाही."

"काढ आता हात."

"बाया दिसल्या का वळणावर?"

मी मागं वळून पाहिलं. वळण रिकामं होतं.

"येऊ द्या त्याइले," ती म्हणाली. "त्या पाहतीन. मंग काढतो."